मेरी रिचमंड

दारात आलेल्या याचकाच्या हातावर चार नाणी ठेवावीत आणि त्याला वाटेला लावावे, ही दानाची रीत फार जुनी आहे. त्याची अडचण नेमकी कोणती, हे विचारण्याची गरज दात्याला सहसा वाटत नाही. तो प्रश्न कसा विचारावा आणि त्याचे उत्तर कसे ऐकावे, याचे शास्त्र रचण्यासाठी मेरी रिचमंड या अमेरिकन विदुषीने आपले आयुष्य वेचले.

त्यांचा जन्म ५ ऑगस्ट १८६१ रोजी इलिनॉय राज्यातील बेलव्हिल येथे झाला. आई लहानपणीच क्षयाने गेली आणि बाल्टिमोर शहरात आजी व मावश्यांनी मेरीला वाढविले. सोळाव्या वर्षी शालेय शिक्षण संपवून त्या मावशीबरोबर न्यूयॉर्कला नोकरीस गेल्या. परंतु मावशी आजारी पडली आणि कोवळ्या वयाची ही मुलगी त्या अफाट शहरात एकटी उरली. तुटपुंजी मिळकत, दिवसभराचे कष्ट आणि त्यात हिवताप! गरिबी त्यांनी पुस्तकातून ओळखली नव्हती. महाविद्यालयाची पायरी मात्र त्या कधीच चढल्या नाहीत.

बाल्टिमोरला परतून काही वर्षे हिशेबनीसाचे काम केल्यावर १८८९ साली त्या तेथील चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीत साहाय्यक कोषाध्यक्ष झाल्या आणि दोनच वर्षांत सरचिटणीस. गरीब कुटुंबांना भेटी देणारे स्वयंसेवक सहृदय होते, पण त्यांना शिकविणारे कोणी नव्हते. कोणी उपदेश करी, कोणी संशय घेई. पहिल्याच भेटीत कुटुंब लायक की नालायक, हे ठरून जाई. एका चुकीच्या अनुमानापायी एखाद्या घराची मदत बंद होऊ शकत असे. म्हणूनच १८९७ साली टोरांटो येथील परिषदेत त्यांनी या कामाच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र शाळा असावी, अशी मागणी केली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वर्ग सुरू झाला.

फिलाडेल्फिया येथे काही वर्षे काम करून १९०९ साली त्या रसेल सेज फाउंडेशनमध्ये आल्या. त्यांचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ १९१७ साली प्रसिद्ध झाला. निदान हा शब्द त्यांनी वैद्यकातून घेतला, तर पुराव्याची पारख कायद्यातून. स्वतः पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि परिस्थितीवरून ताडलेले यांची गल्लत होऊ नये, यावर त्यांचा कटाक्ष होता.

ग्रंथातील पहिल्या मुलाखतीचे विवेचन आजही वाचनीय आहे. येणाऱ्याला आपली हकीकत आपल्या पद्धतीने सांगू द्यावी, घाई करू नये, हवे ते उत्तर तोंडी घालणारा प्रश्न टाळावा. नातलग, शिक्षक, मालक, डॉक्टर यांच्याकडून आणखी काय कळेल, याचे धागे त्या बोलण्यातच शोधावेत. भेटीची अखेरची काही मिनिटे विशेष जपावीत, कारण माणूस काहीतरी आधार घेऊन उठला पाहिजे. ग्रंथात विधवा, परित्यक्त कुटुंबे, अंध व्यक्ती, परदेशातून आलेले लोक यांच्यासाठी प्रश्नावल्याही आहेत. मात्र त्या समोरच्या माणसाकडून ओळीने भरून घेण्यासाठी नाहीत, असे त्यांनी बजावले. फॉर्म भरून घेण्यालाच चौकशी समजणाऱ्या कचेऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

त्यांची सर्वच मते काळाला पटली नाहीत. निराधार मातांना सरकारी निवृत्तिवेतन देण्यास त्यांचा विरोध होता. प्रत्येक कुटुंबाचा स्वतंत्र विचार त्यात होणार नाही, असे त्यांना वाटे. तरीही १९११ पासून एकेका राज्याने असे कायदे केले, आणि ते योग्यच झाले.

१९२१ साली स्मिथ कॉलेजने या पदवीहीन विदुषीला एम. ए. ही सन्माननीय पदवी दिली. १२ सप्टेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर आठ वर्षांनी, १९३६ साली, मुंबईत नागपाडा येथे सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले आणि व्यक्तिसहाय्य कार्य हा विषय तेथील विद्यार्थी शिकू लागले.