उसातलं विकर आणि नीरेच्या कमलाबाई

शिरूर-दौंडच्या मुलांना ऊस नवा नाही. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस उन्हात पडला की साखरेचा उतारा घटतो, हे त्यांना घरीच कळतं. उसातलं इन्व्हर्टेज हे विकर साखर फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. नीरेतही साखर अशीच फुटते, मग यीस्ट तिचं अल्कोहोल करतं. म्हणून तर नीरा सकाळीच प्यायची!

या नीरेवर संशोधन केलं डॉ. कमला सोहोनी यांनी. जन्म १९११, इंदूर. दुर्गाबाई भागवतांच्या त्या धाकट्या बहीण. १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून, वर्षभर पारखून घेतलं. (गुण असूनही पारख हिचीच!) पुढे बटाट्यावर काम करून वनस्पतींतही सायटोक्रोम सी असतं हे त्यांनी दाखवलं आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत असताना त्यांनी नीरेतली जीवनसत्त्वं आणि लोह तपासलं. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर स्त्रिया यांना नीरेचा फायदा होतो, हे दाखवलं. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये त्या गेल्या.

पाठ घेताना आधी मुलांच्या हातात उसाचं कांडं द्या, रामन यांची गोष्ट नंतर सांगा.