मूत्रपिंडविकारांचा माग काढणारे डॉ. रिचर्ड ब्राइट

चमच्यात रुग्णाचे थोडे मूत्र घ्यायचे आणि चमचा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचा. अंड्यातील पांढरा भाग उष्णतेने गोठतो तसा साका त्यात धरू लागला, की मूत्रावाटे अल्ब्युमिन हे प्रथिन जात आहे असे समजायचे. लंडनच्या गाईज रुग्णालयातील डॉ. रिचर्ड ब्राइट यांची भिस्त १८२०च्या दशकात या साध्या परीक्षेवर होती. मूत्रपिंडाच्या विकारांचे आधुनिक शास्त्र तिच्यातूनच उभे राहिले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती ठरू नये.

ब्राइट यांचा जन्म २८ सप्टेंबर १७८९ रोजी ब्रिस्टॉल येथे एका धनाढ्य व्यापारी कुटुंबात झाला. एडिंबरो येथे शिकत असतानाच १८१० साली ते सर जॉर्ज मॅकेन्झी यांच्या मोहिमेबरोबर आइसलँडला गेले. १८१३ मध्ये वैद्यकाची पदवी घेतल्यावर त्यांनी हंगेरीत भटकंती केली आणि १८१८ साली तिचे जाडजूड प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. त्यातील अनेक चित्रे त्यांनी स्वतः रेखाटली होती. चित्रकाराची ही नजर पुढे शवविच्छेदनगृहात त्यांच्या कामी आली.

१८२० मध्ये ते गाईजमध्ये सहायक वैद्य झाले आणि १८२४ मध्ये पूर्ण वैद्य. याच काळात त्यांच्यावर घरचा मोठा आघात झाला. १८२२ साली विवाह झालेली त्यांची पत्नी मार्था पुढच्याच वर्षी बाळंतपणानंतर निवर्तली. काम मात्र थांबले नाही.

अंगावर सूज आणि पोटात पाणी घेऊन येणारे रुग्ण त्या काळी रुग्णालयात नेहमीचेच होते. सूज हाच रोग, अशी समजूत होती. अशा काही रुग्णांचे मूत्र तापविल्यावर गोठते, हे इटलीतील कोतुन्यो आणि इंग्लंडमधील ब्लॅकॉल यांनी आधीच पाहिले होते. पण दोष कोठे आहे ते उलगडले नव्हते. ब्राइट रुग्णाला जिवंतपणी तपासत आणि तो दगावल्यावर त्याचे शवही तपासत. सूज, मूत्रातील अल्ब्युमिन आणि दाणेदार, कठीण झालेली मूत्रपिंडे या तिन्ही गोष्टी एकत्र आढळतात, हे त्यांनी १८२७ च्या ग्रंथात रंगीत चित्रांसह मांडले. त्यांचे सहकारी जॉन बोस्टॉक यांच्या रासायनिक तपासणीत, मूत्रावाटे बाहेर पडायला हवा तो युरिया रक्तात साचत असल्याचेही दिसून आले.

असे का होते, याचे उत्तर आज देता येते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक रक्तात परत जातो आणि दीड लिटरच्या आसपास मूत्र उरते. निरोगी गाळणी अल्ब्युमिनला अडवते. ती बिघडून हे प्रथिन फार प्रमाणात निसटले, तर रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवणारे बळ घटते. शिवाय शरीरात मीठ व पाणीही साठते, आणि सूज येते. या गाळणीची रचना विल्यम बोमन यांनी १८४२ मध्ये, म्हणजे ब्राइट यांच्या ग्रंथानंतर पंधरा वर्षांनी स्पष्ट केली.

त्याच १८४२ साली गाईजमध्ये ब्राइट यांच्या अभ्यासासाठी सहा महिने दोन कक्ष, ४२ खाटा आणि प्रयोगशाळा राखून ठेवण्यात आली. एकाच विकारासाठी अशी सोय त्या काळी अपूर्वच होती. परंतु उपचारांची बाजू फार लंगडी होती. रक्त काढणे, रेचके देणे आणि घाम आणविणे, एवढेच त्यांच्या हाती होते. रोग कोठे आहे ते नेमके दाखवायचे आणि रुग्ण जाताना पाहायचा, हे या मनमिळाऊ वैद्याच्या वाट्याला वर्षानुवर्षे आले. जुनाट मूत्रपिंडविकारात हृदयही मोठे होते, हे १८३६ साली त्यांनी नोंदविले ते अशाच मृतांच्या तपासणीतून.

राणी व्हिक्टोरियाच्या वैद्यांमध्ये १८३७ साली त्यांची नेमणूक झाली होती. १६ डिसेंबर १८५८ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले, तेही हृदयाच्या झडपेच्या विकाराने.

‘ब्राइट्स डिसीज’ हे नाव त्यानंतर कित्येक दशके मृत्यूच्या दाखल्यांवर येत राहिले. कवयित्री एमिली डिकिन्सन यांच्या दाखल्यावरही १८८६ मध्ये तेच नोंदविले गेले. पुढे या एका नावाखाली अनेक वेगवेगळे विकार दडले असल्याचे दिसून आले आणि वैद्यकाने ते नाव बाजूला ठेवले. मूत्रातील अल्ब्युमिनची तपासणी मात्र टिकली. मेणबत्तीऐवजी आता रंग बदलणारी कागदी पट्टी वापरतात.