रडणारा सिसरो

वक्तृत्व स्पर्धांच्या नादी लागलेल्या प्रत्येकाच्या कानावरून सिसरोचं नाव कधी ना कधी गेलेलं असतं. प्राचीन रोमचा सगळ्यात मोठा वक्ता, नामांकित वकील, रोमच्या सर्वोच्च पदावर पोचलेला माणूस. त्याची भाषणं आजही जगभर अभ्यासली जातात. पण त्याच्याबद्दलची एक गोष्ट या सगळ्यात मागे पडते. सिसरो रडायचा. लपूनछपून नाही, चांगला पत्रांमधून लिहून कळवायचा. आणि यावरून त्याच्या काळातल्या लोकांनी, नंतरच्या इतिहासकारांनीही त्याला भरपूर नावं ठेवली.

यात एवढं काय, असं आपल्याला वाटेल. ते कळायला आधी रोममध्ये पुरुष असणं म्हणजे काय होतं, ते बघावं लागेल.

हरभऱ्याच्या नावाचा मुलगा

मार्कस टुलियस सिसरो जन्मला ३ जानेवारी इ.स.पू. १०६ रोजी, रोमपासून साधारण शंभर किलोमीटरवरच्या अर्पिनम या गावात. घर खाऊनपिऊन सुखी, पण खानदानी नाही. घराण्यात आधी कोणीच रोमच्या मोठ्या पदावर गेलेलं नव्हतं. त्यात आडनावाचा अर्थ हरभरा! कुणा पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्यावर हरभऱ्यासारखी खाच होती म्हणून ते पडलं, असं प्लुटार्क हा चरित्रकार सांगतो. राजकारणात उतरताना मित्रांनी नाव बदलायचा सल्ला दिला. सिसरोने तो ऐकला नाही. हेच नाव मोठं करून दाखवीन, असं त्याने ठरवलं.

अर्पिनमचा आधीचा हिरो होता मारियस. सात वेळा कॉन्सल झालेला, युद्धं गाजवलेला रांगडा सेनापती. त्याच्या पायाच्या फुगलेल्या शिरा कापायच्या होत्या. भूल वगैरे काही प्रकार तेव्हा नव्हता, रोग्याला बांधून ठेवत. मारियसने बांधून घ्यायला नकार दिला आणि न हलता पाय कापू दिला. रोमन मुलगे असल्या गोष्टी ऐकतच मोठे होत. हा किस्सा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वीर म्हणजे कोण?

लॅटिनमध्ये पुरुषाला ‘विर’ म्हणतात. आपला ‘वीर’ शब्द आणि हा ‘विर’ एकाच मूळ शब्दातून आलेले, भाषेच्या नात्याने चुलतभाऊ. या ‘विर’वरून झाला ‘विर्टुस’, म्हणजे पुरुषाला शोभेल तो गुण. ग्रीकांचंही तसंच. त्यांचा शौर्यासाठीचा शब्द ‘आंद्रेइया’ पुरुष या शब्दावरूनच तयार झालेला. म्हणजे धाडस हा गुण भाषेनेच पुरुषांच्या नावावर करून टाकला होता.

पण नुसतं मुलगा म्हणून जन्माला येऊन भागत नव्हतं. साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी रोमन मुलगा गळ्यातला ताईत काढून ठेवायचा आणि मोठ्या माणसांचा पांढरा टोगा नेसायचा. त्यानंतर त्याची परीक्षा सुरू व्हायची ती मरेपर्यंत. रणांगणावर पाय रोवून उभा राहतो का? दुःख गिळतो का? चालतो कसा? आवाज बारीक तर नाही? केस फारच नीट विंचरलेत का? कमरेचा पट्टा सैल का बांधलाय? या सगळ्यावरून त्याचं पुरुषपण मोजलं जाई. आणि हा मान फक्त स्वतंत्र नागरिकाला. गुलाम साठ वर्षांचा झाला तरी मालक त्याला ‘पोऱ्या’ अशीच हाक मारणार. ग्रीकांकडेही हीच पद्धत.

या मोजपट्टीवर कोवळा सिसरो कुठेच बसत नव्हता. अंगाने किडकिडीत, पोटाचा नाजूक. सतरा-अठराव्या वर्षी तो सैन्यात गेला खरा, पण ते काही त्याचं क्षेत्र नव्हतं. त्याने दुसरी वाट धरली, कोर्टाची. इ.स.पू. ८० मध्ये त्याने सेक्स्टस रोसियस या बापाच्या खुनाचा आरोप असलेल्या माणसाचं वकीलपत्र घेतलं. समोर होता खुद्द हुकूमशहा सुल्लाचा लाडका माणूस. भलेभले वकील या भानगडीत पडायला तयार नव्हते. सव्वीस वर्षांचा सिसरो पडला आणि केस जिंकला.

पण बोलताना तो इतका जीव तोडून ओरडायचा की तब्येतच ढासळली. मग दोन वर्षं तो ग्रीस आणि आशिया मायनरला गेला. ऱ्होड्स बेटावर मोलोन या शिक्षकाकडे आवाज आवरायला शिकला. परतला तेव्हा अंगानेही थोडा भरला होता.

भाषण करणं हीसुद्धा पुरुषपणाची परीक्षाच होती. आवाज चढवला नाही तर मिळमिळीत, हातवारे जास्त केले तर नाच्या. सिसरोचा प्रतिस्पर्धी हॉर्टेन्सियस झकपक राहायचा आणि लयदार हातवारे करायचा, म्हणून त्याला भर कोर्टात एका नर्तकीच्या नावाने चिडवलं गेलं होतं.

टोमणे मारण्यात सिसरोही मागे नव्हता

इथे सिसरोला सूट देण्यात अर्थ नाही. जी मोजपट्टी त्याला टोचायची, तीच तो दुसऱ्यांवर उगारायचा. सीझरचे नीटनेटके केस आणि एका बोटाने डोकं खाजवायची लकब बघून, असा माणूस रोमची सत्ता कसली उलथवणार, असं त्याला वाटायचं. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे.

इ.स.पू. ६२ च्या डिसेंबरमध्ये क्लोडियस हा उमराव बायकांच्या वेशात सीझरच्या घरी शिरला. तिथे फक्त स्त्रियांसाठी असलेला देवीचा उत्सव चालू होता. तो पकडला गेला. मी त्या दिवशी रोममध्ये नव्हतोच, असा त्याचा बचाव होता. सिसरोने साक्ष देऊन तो खोटा पाडला. तरी क्लोडियस सुटला, लाच चारून सुटला अशी बोलवा होती. त्या बायकी वेशावरून सिसरोने पुढे वर्षानुवर्षं त्याची टर उडवली. क्लोडियसने डूख धरला.

परागंदा

सिसरो इ.स.पू. ६३ मध्ये कॉन्सल झाला होता. त्या वर्षी कॅटिलिन नावाच्या उमरावाने सत्ता उलथवायचा कट केला. सिसरोने तो उघडकीला आणला आणि पाच कटवाल्यांना खटला न चालवता मृत्युदंड दिला. तेव्हा त्याचा देशाचा पिता म्हणून जयजयकार झाला. पण पाच वर्षांनी क्लोडियसने नेमकं तेच पकडलं. नागरिकाला खटल्याविना मारणाऱ्याला हद्दपार करण्याचा कायदा त्याने आणला आणि इ.स.पू. ५८ मध्ये सिसरोला इटली सोडून पळावं लागलं. पॅलाटाइन टेकडीवरचं त्याचं घर जमीनदोस्त केलं गेलं.

आता रोमन आदर्शाप्रमाणे त्याने काय करायला हवं होतं? ताठ मानेने, कोरड्या डोळ्यांनी सगळं सोसायचं. सिसरोने थेसालोनिकाहून काय केलं? बायकोला, भावाला आणि जिवलग मित्र ॲटिकसला पत्रं लिहिली. त्यात तो लिहितो की लिहिताना रडू आवरत नाही, जगणं नको झालंय, जीव दिला नाही ही चूक झाली. ॲटिकसने त्याला समजावलं, थोडं झापलंही. इकडे रोममध्ये बायको टेरेन्शिया अपमान सोसत होती, धावपळ करत होती, नवऱ्यासाठी स्वतःची मालमत्ता विकायला निघाली होती. कणखरपणा पुरुषांचाच म्हणणाऱ्या समाजात त्या वर्षी त्या घरात कणखर कोण होतं, ते उघड आहे.

दीडेक वर्षाने त्याला परत बोलावलं गेलं. ५ ऑगस्ट इ.स.पू. ५७ ला तो ब्रुंडिसियम बंदरात उतरला, तर समोर त्याची मुलगी टुलिया उभी. तो तिचा वाढदिवस होता.

टुलिया

टुलिया त्याचा जीव की प्राण. तिची तीन लग्नं झाली, सुख कशातच लाभलं नाही. इ.स.पू. ४५ च्या फेब्रुवारीत बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ती गेली.

एकसष्टीचा सिसरो कोसळला. आधी ॲटिकसच्या घरी राहून त्याने दुःखावर जे जे पुस्तक सापडेल ते वाचून काढलं. मग समुद्रकाठच्या अस्तुराला एकटा जाऊन राहिला. सकाळी दाट झाडीत शिरायचा तो संध्याकाळपर्यंत बाहेर यायचा नाही. टुलियासाठी मंदिरासारखं स्मारक बांधायचं त्याच्या मनाने घेतलं, त्यासाठी जागा शोधत राहिला. टेरेन्शियाला सोडून त्याने नुकतंच पब्लिलिया या कोवळ्या मुलीशी लग्न केलं होतं. टुलियाच्या जाण्याने ती सुखावली, असं वाटून त्याने तिलाही दूर केलं.

रोमच्या जुन्या कायद्यात अंत्यविधीच्या वेळी बायकांनी गाल ओरबाडून आक्रोश करू नये, असं कलम होतं. म्हणजे दुःखाला बायकांनीही मर्यादा पाळायची. मग माजी कॉन्सलकडून काय अपेक्षा असणार? आणि तेही एका मुलीसाठी! कुजबुज सुरू झाली. सुल्पिसियस या मित्राने अथेन्सहून समजुतीचं लांबलचक पत्र लिहिलं. ब्रूटसच्या पत्रात समजुतीपेक्षा कानउघाडणी जास्त होती. लोक काय म्हणताहेत हे ॲटिकसही सांगत राहिला. त्यावर सिसरोचं उत्तर साधारण असं, की नावं ठेवणाऱ्यांना वाचून होणार नाही इतकं मी या दिवसांत लिहितोय.

ते खरंच होतं. आधी त्याने स्वतःचीच समजूत काढणारं एक पुस्तक लिहिलं, ते आज हरवलंय. त्याच वर्षी तत्त्वज्ञानावरची एकामागून एक पुस्तकं लिहिली. त्यातलं एक पाच भागांचं, टस्कुलममधल्या त्याच्या घरी घडलेल्या संवादांच्या रूपातलं. मरण, वेदना, शोक, इतर भावना आणि सद्गुण हे त्याचे विषय. वेदनेच्या भागात तो विर्टुस शब्द विरवरून आल्याचं सांगतो आणि वेदना पुरुषासारखी सोसावी, असंही बजावतो. एकदम टिपिकल रोमन.

आणि तिथेच येतो मारियसचा किस्सा. न बांधता त्याने एक पाय कापू दिला. पण डॉक्टर दुसऱ्या पायाकडे वळल्यावर मारियसने तो काही पुढे केला नाही. त्याला प्रचंड दुखलं होतं. सिसरो यातून असा अर्थ काढतो, की पहिली वेदना त्याने पुरुषासारखी सोसली आणि गरज नसलेली दुसरी वेदना त्याने माणसासारखी नाकारली. गावच्या हिरोच्या गोष्टीत त्याने दुसऱ्या पायालाही जागा दिली. पुढे याच पुस्तकात तो हेही कबूल करतो, की स्वतःची समजूत काढणारं ते पुस्तक त्याने शोकात बुडालेला असतानाच लिहिलं, तेव्हा तो काही ज्ञानी पुरुष नव्हता.

शेवट

पुढच्या वर्षी, १५ मार्च इ.स.पू. ४४ ला सीझरचा खून झाला. मार्क अँटनी सत्ता बळकावतोय हे दिसल्यावर बासष्ट वर्षांचा सिसरो पुन्हा उभा राहिला. अँटनीविरुद्धची त्याची चौदा भाषणं आजही ओळखली जातात. त्यातल्या दुसऱ्यात त्याने अँटनीच्या पुरुषपणावर इतकी चिखलफेक केली आहे, की वाचताना आपल्यालाच संकोच वाटावा. ते भाषण केलं गेलं नाही, लेखी स्वरूपात फिरलं. इतकी वर्षं स्वतः ही मोजपट्टी सोसूनही ती त्याच्या हातून सुटली नाही.

इ.स.पू. ४३ च्या अखेरीस अँटनी, ऑक्टेव्हियन आणि लेपिडस एकत्र आले आणि ठार मारायच्या लोकांची यादी निघाली. सिसरोचं नाव त्यात होतं. ७ डिसेंबरला मारेकऱ्यांनी त्याला फॉर्मियाजवळ गाठलं. नोकर लढायला तयार होते. त्याने पालखी खाली ठेवायला सांगितली आणि मान पुढे केली. त्याचं शिर आणि हात रोमच्या भाषणांच्या व्यासपीठावर टांगले गेले.

इतिहासकार लिव्हीने त्याचा हिशेब मांडताना लिहिलं, की या माणसाने आपल्यावरच्या संकटांपैकी फक्त मरण तेवढं पुरुषासारखं सोसलं. म्हणजे हद्दपारीतली पत्रं, मुलीसाठी जंगलात घालवलेले दिवस, सगळं नापास! तेराशे-चौदाशे वर्षांनी, इ.स. १३४५ मध्ये पेट्रार्क या इटालियन कवीला व्हेरोनात ॲटिकसला लिहिलेली पत्रं सापडली. शांत राहायला शिकवणारा आपला गुरू स्वतः इतका अस्वस्थ होता, हे बघून तो हिरमुसला आणि त्याने मेलेल्या सिसरोलाच नाराजीचं पत्र लिहिलं.

आज आपण ती पत्रं वेगळ्या नजरेने वाचू शकतो. सिसरो भित्रा नव्हता. हुकूमशहाच्या माणसाला त्याने सव्विसाव्या वर्षी अंगावर घेतलं आणि अँटनीला म्हातारपणी. रडणं आणि धाडस एकाच माणसात राहू शकतं, याचा याहून सरळ पुरावा कुठला हवा? ‘मुलीसारखा काय रडतोस’ हे वाक्य आपल्याकडचा बहुतेक प्रत्येक मुलगा ऐकत मोठा होतो. रोममध्ये शब्द वेगळे होते, दाब तोच होता. त्या दाबाखाली सिसरोला जगवलं ते एका मित्राने. वीस वर्षांहून जास्त काळ तो ॲटिकसला लिहीत राहिला. ॲटिकस कधी रागावला, कधी वैतागला, पण पत्रं जपून ठेवली आणि उत्तरं देत राहिला.

तुमच्या फोनमध्ये असा एखादा ॲटिकस असेल, तर आज त्याला मेसेज करा. आणि तुम्हीच कुणाचे ॲटिकस असाल, तर रिप्लाय द्यायला उशीर करू नका.