सैरंध्री ते सावकारी पाश : बाबूराव पेंटर

गेल्या काही वर्षांत आमच्या वर्गात कोरियन चित्रपटांचे वेड चांगलेच शिरले आहे. बोंग जून-हो ह्या दिग्दर्शकाचा ‘पॅरासाइट’ तर बहुतेकांनी, मोबाइलच्या वीतभर पडद्यावर का होईना, दोनदा-तीनदा पाहिला आहे. तळघरवजा घरात राहणारे एक दरिद्री कुटुंब. त्यातला मुलगा शिकवणीच्या निमित्ताने एका धनिकाच्या बंगल्यात प्रवेश मिळवतो. मागोमाग बहीण येते, मग बाप मोटार हाकायला आणि आई घरकामाला. आपण एकमेकांचे कोणी नाही असे भासवून सगळे कुटुंब त्या घरात चाकरीला लागते आणि अखेर रक्त सांडते. ह्या चित्रपटाला २०२० च्या फेब्रुवारीत ऑस्कर मिळाले, तेव्हा जगभर नवलाई झाली. मला मात्र राहून राहून वाटते की पुराण-कीर्तने ऐकलेल्या आजीच्या नातवंडांना ही कथा इतकी परकी वाटायचे कारण नाही. एक अख्खे कुटुंब नावे बदलून एका श्रीमंत वाड्यात नोकरीला राहते. एक जण आचारी होतो, एक नाच शिकवतो, एक घोडे सांभाळतो, एक गुरे राखतो, थोरला धन्याबरोबर सोंगट्या खेळतो आणि घरची सून मालकिणीची वेणीफणी करते. पुढे मालकिणीच्या भावाची त्या दासीवर नजर जाते आणि एका रात्री त्याचा मुडदा पडतो. हे आपले विराटपर्व! आणि ह्याच कथेवर कोल्हापूरच्या एका मिस्त्रीच्या मुलाने बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या फेब्रुवारीत, आपला पहिला मूकपट पडद्यावर आणला होता. त्यांचे नाव बाबूराव पेंटर.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. वडील कृष्णराव मिस्त्री हे हातात कला असलेले कारागीर. चित्रकला-शिल्पकलेचे शाळेतले शिक्षण बाबूरावांना लाभले नाही. जे शिकले ते घरात आणि स्वतःच्या हाताने. आतेमामे म्हणा, चुलत म्हणा, पण सख्ख्याहून सख्खे असे बंधू आनंदराव आणि बाबूराव मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले आणि त्या कामात त्यांचे एवढे नाव झाले की मिस्त्री हे आडनाव मागे पडून पेंटर हेच कायम झाले. धंदा हेच ज्याचे आडनाव झाले, अशा माणसाचे हे चरित्र आहे. सोलापूरच्या विणकर पेठांत वाढलेल्या वाचकाला ह्यातले मर्म वेगळे सांगायला नको.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि ह्या दोघा भावांना नव्या कलेने झपाटले. विलायती कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा कॅमेरा स्वतःच बनवायचा असे त्यांनी ठरवले. पण १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून काम पुढे नेले आणि १९१८ साली कोल्हापुरात बनलेला कॅमेरा चालू लागला. हा प्रसंग आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. पण त्यात कारागिराची गरिबीही आहे, हे सहसा कोणी बोलत नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती गायिका तानीबाई कागलकर यांनी दिलेल्या भांडवलावर आणि शाहू छत्रपतींच्या आश्रयावर.

‘सैरंध्री’ निवडण्यामागे एक पूर्वपीठिका होती. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले आणि कीचकात कर्झनसाहेब दिसू लागल्यामुळे १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. म्हणजे दासीवर हात टाकणारा मुजोर हा महाराष्ट्राच्या प्रेक्षकाला चांगला परिचयाचा होता. बाबूरावांनी त्यात भर घातली ती दृश्याची. भीम कीचकाला ठार मारतो तो प्रसंग त्यांनी इतका हुबेहूब चित्रित केला की सेन्सॉरने तो काढून टाकायला लावला. लोकमान्य टिळकांनी त्यांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. टिळक त्याच वर्षी १ ऑगस्टला निवर्तले.

ह्या चित्रपटात गुलाबबाई आणि अनसूयाबाई अशा दोन स्त्रियांनी कामे केली. पडद्यासाठी त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी ठेवण्यात आली. चित्रपटात काम करणे त्या काळी इतके हलके मानले जाई की त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले आणि त्यांना कंपनीच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. पडद्यावरच्या दासीसाठी हळहळणारा समाज दासीची भूमिका करणाऱ्या बाईला मात्र आपल्या आळीत राहू देत नव्हता. बाबूरावांच्या चरित्रातली ही गोष्ट मला कॅमेऱ्याच्या गोष्टीइतकीच मोठी वाटते.

त्यानंतरची चार वर्षे भरभराटीची गेली. रंगवलेल्या पडद्यांपुढे नटांना उभे करण्याची पद्धत मोडून बाबूरावांनी भिंती, खांब, जिने असलेली खरी वाटणारी घरे उभारली. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला आणि त्यात शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः केली. दामले, फत्तेलाल, धायबर असे एकाहून एक सरस लोक त्यांच्या हाताखाली तयार झाले. शांताराम वणकुद्रे नावाचा एक पोरगा पडेल ते काम करायला म्हणून आला आणि पुढे व्ही. शांताराम झाला.

आता ज्या चित्रपटामुळे मी हा लेख लिहायला बसलो तिकडे वळतो. १९२५ साली, पौराणिक-ऐतिहासिक चित्रपटांना गर्दी लोटत असताना, बाबूरावांनी नारायण हरि आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ काढला. एक साधा शेतकरी. सावकार खोट्या कागदाच्या जोरावर त्याची जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात येऊन गिरणीत मजूर होतो. कथा एवढीच. शेतकऱ्याची भूमिका शांतारामांची होती. त्यात ना देव, ना राजा, ना शाप, ना उःशाप. पुढे जे. बी. एच. वाडिया यांनी ह्या चित्रपटातल्या एका दृश्याची आठवण लिहून ठेवली आहे : अंधुक उजेडातली एक उदास झोपडी आणि तिच्याजवळ विव्हळणारे कुत्रे. मूकपटातले कुत्रे! त्याचा आवाज कोणी ऐकला नाही, तरी तो लक्षात राहिला. बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ ह्याच वाटेने गेला, पण तो १९५३ साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनंतर.

आपल्या जिल्ह्याला ह्या कथेचे वेगळे काही सांगायला नको. सावकारांविरुद्ध १८७५ साली दंगे झाले आणि त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा आला, तो ज्या चार जिल्ह्यांसाठी होता त्यांत पुणे, सातारा आणि अहमदनगरबरोबर सोलापूर होते. त्याच सुमारास इथे जुनी मिल उभी राहिली होती. दुष्काळाने आणि कर्जाने गावातून सुटलेली माणसे भोंग्याच्या आवाजावर उठू लागली. माझे पणजोबा मंगळवेढ्याकडची जमीन गहाणात घालवून असेच इथे आले आणि साच्यावर उभे राहिले. गिरण्या गेल्या. आजी विड्या वळत असे. आई गेली बारा वर्षे तीन घरची धुणीभांडी करते. त्यांतल्या एका घरी तिचा चहाचा कप गॅलरीतल्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असतो. मी तिला ‘पॅरासाइट’ची गोष्ट भाकरी थापताना सांगितली. तळघर, सुरी, रक्त, कशाचेच तिला विशेष वाटले नाही. नव्या बाईसाठी जुन्या मोलकरणीला घालवले, तेव्हा तिचा महिना तरी पुरा दिला का, एवढेच तिने विचारले. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ चा कायदा आहे, हे मी तिला सांगितले. त्यावर ती काही बोलली नाही.

‘सावकारी पाश’ चालला नाही. ‘सैरंध्री’ला पदवी मिळते आणि ह्या चित्रपटाकडे लोक पाठ फिरवतात, ह्याचे उत्तर मला विराटपर्वातच सापडते. सैरंध्री ही मुळात महाराणी आहे, हे प्रेक्षक तिकीट काढतानाच जाणून असतो. तिचा अपमान म्हणजे राणीचा अपमान. अज्ञातवास संपला की सारे पूर्वपदावर येणार. शेतकऱ्याचा अज्ञातवास संपत नाही. तो गिरणीतच राहतो. असे दुःख पाहायला पैसे मोजावेत, ही सवय आपल्या प्रेक्षकाला तेव्हा नव्हती आणि पुढेही फारशी लागली नाही. १९६३ च्या ‘मोलकरीण’मध्ये सुलोचनाबाईंनी सारा महाराष्ट्र रडवला, पण तिथेही मोलकरीण ही त्या घरच्या मुलाची आईच निघते. आमच्या एका प्राध्यापकांना हे मत कठोर वाटते. मी ते बदललेले नाही.

कोरियात मात्र १९६० साली किम की-यंग यांनी ‘हाऊसमेड’ काढला. कापड गिरणीतल्या मुलींना गाणे शिकवणारा एक मास्तर, नवे दुमजली घर आणि त्या घरात आलेली मोलकरीण. ही कोणाची हरवलेली आई नाही, वेषांतर केलेली राणी नाही. तिच्या रागाने सारे घर हादरते. बोंग जून-हो किम की-यंगांना आपल्या गुरुस्थानी मानतात.

बाबूराव त्या अपयशानंतर पुन्हा पुराणे-इतिहासाकडे वळले. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर त्यांना सोडून गेले आणि त्यांनी प्रभात काढली. घडवलेली माणसे घर सोडून जातात तेव्हा धन्याचे काय होते, हेही बाबूरावांनी भोगले. बोलपटात त्यांचे मन फारसे रमले नाही. कुंचला आणि छिन्नी त्यांनी पुन्हा हाती घेतली. तरी १९३६ साली त्यांनी ‘सावकारी पाश’च बोलपट म्हणून पुन्हा काढला. एकदा पडलेली गोष्ट अकरा वर्षांनी परत सांगायला घेणारा माणूस किती हट्टी असला पाहिजे! ‘विश्वामित्र’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट १९५२ चा. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

‘हाऊसमेड’ची दोन रिळे कित्येक वर्षे हरवलेली होती. ती सापडली आणि २००८ साली कोरियाच्या चित्रपट संग्रहालयाने तो सारा चित्रपट दुरुस्त करून घेतला. आज तो आम्ही वर्गमित्र सहज पाहू शकतो. बाबूरावांच्या बहुतेक मूकपटांच्या प्रती नष्ट झाल्या. ती झोपडी आणि ते कुत्रे आता फक्त वाडियांच्या आठवणीत आहेत. आपले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ साली निघाले, तेव्हा बाबूरावांना जाऊन दहा वर्षे झाली होती.