पर्सी ग्रेंजर

पर्सी ऑल्ड्रिज ग्रेंजर (८ जुलै, १८८२:मेलबर्न, ऑस्ट्रेलिया - २० फेब्रुवारी, १९६१:व्हाइट प्लेन्स, न्यू यॉर्क, अमेरिका) हे ऑस्ट्रेलियात जन्मलेले संगीतकार व पियानोवादक होते. सुषिर वाद्यांच्या बँडसाठी केलेल्या रचना आणि ‘लवचीक वाद्ययोजना’ ही कल्पना यांसाठी ते ओळखले जातात.

जीवन

ग्रेंजर यांना संगीताचे पहिले धडे आईकडून मिळाले. १८९५मध्ये ते आईसह जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथे शिक्षणासाठी गेले. १९०१पासून लंडनमध्ये राहून त्यांनी पियानोवादक म्हणून नाव मिळवले. १९०६मध्ये त्यांनी लिंकनशायरमधील लोकगायकांची गाणी फोनोग्राफवर ध्वनिमुद्रित केली. १९१४मध्ये ते अमेरिकेस गेले. १९१७मध्ये ते तेथील लष्करी बँडमध्ये दाखल झाले व ओबो आणि सॅक्सोफोन वाजवू लागले. १९१८मध्ये त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले.

लवचीक वाद्ययोजना

शाळांच्या व हौशी वाद्यवृंदांत ओबो, बसून किंवा व्हायोला वाजवणारे अनेकदा नसत आणि क्लॅरिनेट किंवा सॅक्सोफोन वाजवणारे गरजेपेक्षा अधिक असत. त्यामुळे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेले संगीत अशा गटांना वाजवता येत नसे. ग्रेंजर यांच्या मते, आपल्या रचनेचा गाभा विशिष्ट वाद्याच्या आवाजात नसून स्वरांतरांत आणि एकत्र चालणाऱ्या स्वरावलींत होता. म्हणून गैरहजर वाद्याचा भाग त्याच स्वरपट्ट्यातील दुसऱ्या वाद्याला देण्याची आणि उरलेल्या जागा हार्मोनियम किंवा पियानोने भरण्याची मुभा त्यांनी दिली. अट एकच होती: कोणतीही स्वरावली गळू नये आणि कोणतीही इतरांच्या आवाजात बुडू नये. ही भूमिका त्यांनी १९३०च्या सुमारास एका रचनेच्या प्रस्तावनेत मांडली.

चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या ‘मॉली ऑन द शोअर’ या रचनेचे त्यांनी पुढे बँडसाठी रूपांतर केले. मिशिगन राज्यातील इंटरलॉकेन येथील संगीत शिबिरात शिकवत असताना त्यांनी बाख व इतर जुन्या संगीतकारांच्या रचनाही सुषिर वाद्यांसाठी मांडल्या.

‘लिंकनशायर पोझी’ (१९३७) ही त्यांची प्रमुख बँडरचना मानली जाते. लोकगायकांची अनियमित लय तिच्यात जशीच्या तशी उतरवली होती. मिलवॉकी येथील पहिल्या प्रयोगात वादकांना तिचे सर्व भाग वाजवता आले नाहीत.

वारसा

प्रत्येक विद्यार्थ्याला वाद्यवृंदात स्थान मिळावे यासाठी झटणाऱ्या ग्रेंजर यांनी नॉर्डिक वंशाच्या श्रेष्ठत्वाची मतेही बाळगली. त्यांवर पुढे टीका झाली. मेलबर्न विद्यापीठाच्या आवारात त्यांनी स्वतः उभारलेले ग्रेंजर संग्रहालय आहे. उपलब्ध वादकांनुसार वाद्ये बदलता येतील अशा रचना आज शालेय बँडसाठी सर्रास प्रसिद्ध होतात.