घोड्यांच्या डॉक्टरचे चाक

डनलॉप म्हटले की आपल्याकडे आधी गादी आठवते, मग टायर. त्या नावाचा एक माणूस होता, आणि तो पेशाने जनावरांचा डॉक्टर होता, हे सहसा कुणाला माहीत नसते.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी, शेतकरी घरात झाला. दिवस पूर्ण भरण्याआधी, दोन महिने लवकर. हे त्यांना पुढे कळले आणि आपली प्रकृती नाजूक आहे अशी त्यांनी कायमची समजूत करून घेतली. आयुष्यभर ते जपून राहिले. प्रत्यक्षात ८१व्या वर्षापर्यंत त्यांना कोणताही गंभीर आजार झाला नाही. प्रकृती नाजूक असल्याची खात्री असलेली माणसे कधीकधी धडधाकट माणसांपेक्षा जास्त जगतात, हे कोणत्याही डॉक्टरला अनुभवाने माहीत असते. डनलॉप त्यातलेच.

एडिंबरोच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली तेव्हा ते जेमतेम १९ वर्षांचे होते. काही वर्षे मायदेशी काम करून १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले आणि पुढे बेलफास्टमध्ये त्यांचा चांगला जम बसला. त्या काळी शहराचे सगळे दळणवळण घोड्यांवर चाले, त्यामुळे घोड्यांच्या डॉक्टरला कामाची कमी नव्हती. दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवर लोखंडी धावेची चाके खडखडत जात. धक्के गाडीला बसत, माणसाला बसत आणि ओढणाऱ्या जनावरालाही बसत. पेशाच्या गरजेपोटी रबराची लहानसहान साधने स्वतः बनवायची सवय डनलॉप यांना होती. पुढच्या गोष्टीत ही सवय फार उपयोगी पडली.

१८८७च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा लहान मुलगा जॉनी याच्या तीनचाकी सायकलवर त्यांनी विचार सुरू केला. सायकलची चाके भरीव रबराची होती आणि खडबडीत रस्त्यावर मुलाला हिसके बसत. डनलॉप यांनी लाकडाची एक गोल तबकडी घेतली, पातळ रबराच्या पत्र्याची नळी करून तिच्या कडेवर बसवली, वरून कापड ठोकले आणि फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरली. मग अंगणात दोन चाके एकापाठोपाठ घरंगळत सोडली. सायकलचे भरीव रबराचे चाक अंगण संपण्याआधीच आडवे झाले. हवेचे चाक मात्र अंगण ओलांडून पलीकडच्या फाटकाच्या खांबावर जाऊन आदळले.

आरामासाठी केलेले चाक जास्त लांब गेले, हे त्या प्रयोगात दिसले. मऊ चाक ‘बसते’ आणि कडक चाक ‘पळते’ असे आजही पुष्कळांना वाटते. सपाट काचेसारख्या पृष्ठभागावर कडक चाक खरोखरच चांगले पळेल, पण रस्ता तसा नसतो. भरीव चाकापुढे खडा आला की चाकाबरोबर सगळी सायकल आणि वर बसलेला माणूस तेवढा वर उचलला जातो आणि पुन्हा आपटतो. त्या प्रत्येक उचलण्यात पुढे जाण्याची थोडी शक्ती खर्च होते. हवेच्या चाकात खडा टायरमध्ये दबतो, हवा तेवढ्यापुरती आकसते आणि लगेच ती शक्ती परत देते. शिवाय हिसके बसणाऱ्या माणसाचे स्नायू स्वतःला सावरण्यात दमतात, ते वेगळेच. लांब पल्ल्याच्या चालकांची कंबरदुखी आणि हादऱ्यांची यंत्रे वापरणाऱ्यांच्या हातांना येणारा बधिरपणा यांचा कंपनांशी असलेला संबंध आता चांगला अभ्यासलेला आहे. डनलॉप यांच्याकडे यातले काही नव्हते. त्यांच्याकडे मुलगा होता आणि अंगण होते.

जुलै १८८८ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि डिसेंबरमध्ये ते मिळाले. पण लोकांना पटवणार कोण? ते काम एका हौशी सायकलपटूने केले. विली ह्यूम हा बेलफास्टमधल्या एका सायकल क्लबचा कर्णधार होता. १८ मे १८८९ रोजी क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत तो हवेची जाडजूड चाके लावून उतरला. बाकी सगळे बारीक, भरीव रबरावर होते. ह्यूमने सायकलच्या चारही शर्यती जिंकल्या. थोड्याच दिवसांत लिव्हरपूलला जाऊन तिथल्याही एक सोडून सर्व शर्यती त्याने जिंकल्या. हरलेल्यांत आयरिश सायकल संघटनेचे अध्यक्ष हार्वी डू क्रो यांची मुले होती. बापाने मुलांच्या पराभवातून जे ओळखायचे ते ओळखले आणि डनलॉप यांच्याशी संधान बांधले.

हौशी माणसाने ट्रॅकवर कोणते टायर घेऊन उतरावे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. आज कोइम्बतूर, चेन्नई किंवा ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर आपली रोजची गाडी घेऊन जाणारे हौशी चालक टायरच्या कंपनीवर तासन् तास वाद घालतात, आणि आतली हवा मोजायला विसरतात. टायर गरम झाला की हवेचा दाब वाढतो. ३० अंश तापमानाला ३२ पीएसआय भरलेला टायर ८० अंशांवर साधारण ४० पीएसआयला पोचतो. जमिनीला टेकणारा भाग त्यामुळे आकसतो आणि पकड कमी होते. म्हणून ट्रॅकवर काही फेऱ्या मारल्यावर, टायर गरम असतानाच दाब बघायचा असतो. घरी निघताना तो पुन्हा रस्त्याच्या मापाला आणायचा. उथळ नक्षीचे खास ट्रॅकचे टायर कोरड्या ट्रॅकवर उत्तम. पावसाळ्यात एक्स्प्रेस वेवर तेच टायर पाण्यावरून घसरतात.

डू क्रोंबरोबर कंपनी निघाली, आणि १८९० मध्येच डनलॉप यांना कळवण्यात आले की त्यांचे पेटंट टिकणार नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच, वयाच्या २३व्या वर्षी, हवेच्या चाकाचे पेटंट घेतलेले होते. लंडनमध्ये घोडागाड्यांना ती चाके लावूनही दाखवली होती. पण तेव्हा सायकलींचा जमाना आला नव्हता, रबर महाग होते आणि कल्पना विसरली गेली. डनलॉप यांनी ती चोरली असे म्हणायला काही आधार नाही. एकाच दुखण्यावर दोन माणसांनी वेगवेगळ्या वेळी एकच उपाय शोधला, इतकेच. थॉमसन यांचे नाव मात्र मागे पडले, आणि हे थोडे अन्यायाचेच झाले.

कंपनी वाचली ती इतरांच्या पेटंटवर. डनलॉप यांचा मूळ टायर रिमला चिकटवलेला असे, आणि पंक्चर काढणे म्हणजे मोठा कुटाणा होता. कडेला तार घातलेले, काढता-घालता येणारे टायर वेल्च यांनी १८९०मध्ये आणले. त्यांचे आणि तशाच कामाचे बार्टलेट यांचे पेटंट कंपनीने विकत घेतले. १८९५ मध्ये डनलॉप यांनी कंपनी सोडली. दुसऱ्याच वर्षी डू क्रो यांनी ती ३० लाख पौंडांना विकली. त्या पैशाचा मोठा वाटा शोधकर्त्याला मिळाला नाही. ते डब्लिनमध्ये राहत होते आणि कापडाच्या एका दुकान-कंपनीत त्यांनी लक्ष घातले होते. टायरच्या जाहिरातींत मात्र त्यांचा दाढीवाला चेहरा भपकेबाज पोशाखात झळकत राहिला, आणि ते त्यांना अजिबात आवडले नाही. ऑक्टोबर १९२१ मध्ये त्यांना थंडी बाधली आणि त्यातच अनपेक्षितपणे त्यांचे निधन झाले.

नाव पुढे चालत राहिले. १९५३ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत जग्वारच्या गाडीने जिंकली ती डनलॉप कंपनीच्या डिस्क ब्रेकवर. पुढे डिस्क ब्रेक घरगुती गाड्यांत आले आणि त्यांच्याबरोबर पॅड निवडण्याचा प्रश्नही. रोजच्या वापराचे पॅड ट्रॅकवर सतत दाबले गेले की तापतात, एका मर्यादेपलीकडे धरतच नाहीत, आणि जुने, पाणी शोषलेले ब्रेक ऑइल उकळून पेडल पायाखाली मऊ पडते. उलट शर्यतीचे कडक पॅड गरम झाल्याशिवाय पकडतच नाहीत. सकाळी थंड गाडी घेऊन शाळेसमोर अचानक थांबायचे असेल तर ते धोक्याचे. औषधाप्रमाणेच इथेही नुसते ‘भारी’ काय ते विचारून चालत नाही, किती तापमानाला हे विचारावे लागते.

पॅडबाबत डॉक्टरांना वेगळीच काळजी आहे. एके काळी ब्रेकच्या पॅडमध्ये आणि लायनरमध्ये सर्रास अ‍ॅसबेस्टॉस असे. त्याचे बारीक तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात आणि २० ते ४० वर्षांनी फुप्फुसाचा किंवा त्याच्या आवरणाचा कर्करोग होऊ शकतो. भारतात अ‍ॅसबेस्टॉसच्या वापरावर अजून संपूर्ण बंदी नाही. पॅड घेताना डब्यावर अ‍ॅसबेस्टॉसमुक्त लिहिले आहे का ते पाहावे. ब्रेकमधली धूळ हवेचा प्रेशर मारून उडवण्याची गॅरेजमधली सवय तर बंदच व्हायला हवी. ओल्या फडक्याने ती पुसावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे. शर्यतीच्या गाडीचा मालक वर्षातून दोनदा पॅड बदलतो, गॅरेजमधला पोरगा रोज दहा बदलतो. धोका कुणाला जास्त, हे उघड आहे.

डनलॉप यांच्या चाकाचा फायदा जनावरांनाही झाला, पण उशिरा. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर बैलगाड्यांची रांग लागते. त्यांतल्या कितीतरी गाड्यांना लाकडी चाकांऐवजी रबरी टायर असतात. त्याच बैलांना तीच गाडी टायरवर ओढायला हलकी जाते. अडचण एवढीच की गाडी हलकी जाते म्हणून तिच्यावर मोळ्याही जास्त चढतात.