धातूवर चित्र उतरविणारे फाळके

धुंडिराज गोविंद फाळके हे नाव घेताच ३ मे १९१३ ही तारीख आणि गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ आठवते. ‘राजा हरिश्चंद्र’ तेथे लागला तेव्हा फाळके त्रेचाळीस वर्षांचे होते. तोवर ज्या विद्येने त्यांना घडविले आणि बऱ्याच अंशी पोसले, ती मात्र दोन ओळींत आटोपली जाते. ती विद्या होती चित्र धातूवर उतरविण्याची.

जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०चा. घर शास्त्र्यांचे. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला आणि १८९० मध्ये ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. सयाजीरावांच्या राज्यातील ही संस्था नुकतीच सुरू झाली होती. तेथील प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनी या होतकरू विद्यार्थ्याच्या हाती छायाचित्रणाची सामग्री सोपविली आणि त्याला ब्लॉक तयार करण्याचे तंत्र शिकण्यासाठी रतलामला पाठविले.

हे तंत्र आज आपल्याला परके वाटेल. पण ते तसे नाही. सिल्वासाच्या कारखानदारी परिसरात, रांधासारख्या गावी, एखाद्याला यंत्रावर लावायची लहानशी पाटी घरीच करायची झाली, तर तो लेझर प्रिंटरवर अक्षरे उलटी छापतो, कागद तांब्याच्या किंवा पितळेच्या घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर पालथा घालतो आणि गरम इस्त्री दाबतो. कागद पाण्यात भिजवून सोडविला की टोनर पत्र्याला धरून राहतो. मग पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात सोडायचा. उघडा भाग खाल्ला जातो, टोनरखालचा वाचतो आणि अक्षर उठून दिसते. फाळक्यांच्या काळी टोनरच्या जागी सरस आणि बायक्रोमेटचा लेप होता. त्यावर निगेटिव्हमधून प्रकाश पाडला की उजेड लागलेला भाग घट्ट होई, उरलेला धुऊन जाई. पुढे तांब्याला फेरिक क्लोराइड, जस्ताला नायट्रिक आम्ल. किती वेळ ठेवायचे, हे अनुभवच सांगे. क्षणभर अधिक झाले तर बारीक ठिपके तळातून खचत आणि चेहऱ्यावरची छटा नाहीशी होई.

मधली वर्षे खडतर गेली. गोध्र्यात त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय मांडला. १९००च्या सुमारास प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. काही काळ ते जादूचे प्रयोगही करीत, ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. आपले आडनाव त्यांनी उलटे केले होते! ब्लॉकवाल्याला उलटी अक्षरे वाचण्याची सवयच असते, असे म्हणून आपण हसावे एवढेच.

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी मिळाली. ती पोटाची सोय होती. पण त्यांनी ती सोडली आणि लोणावळ्यास ‘फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ काढले. जवळच मळवलीला रविवर्मा यांच्या चित्रांचा छापखाना होता आणि त्याचेही काम फाळके करीत. पुढे हा व्याप दादरला येऊन ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके जर्मनीला जाऊन आले.

आणि नेमके त्याच सुमारास भागीदारांशी बिनसले. छापखाना ज्याच्या हाताने नावारूपाला आला, तो माणूस चाळिशीत संसार पाठीशी असताना रिकाम्या हाताने बाहेर पडला. कारागिराचे कसब आणि भांडवलवाल्याचा हिशेब यांचे जमत नाही, ही आपल्याकडची जुनीच कथा. तरीही ती वाचताना चुटपुट लागते.

१९११ मध्ये गिरगावात त्यांनी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२च्या प्रारंभी ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. त्या वेळची कच्ची फिल्म छिद्रांविना येई. दादरच्या घरात दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई यंत्रावर एकेक छिद्र पाडीत. रसायनांची प्रमाणेही त्या शिकल्या. अंधाऱ्या खोलीत तबकांवर वाकून फाळके फिल्म धूत, घड्याळाकडे आणि रंगाकडे आळीपाळीने पाहत, जसे ते पूर्वी तांब्याच्या पत्र्याकडे पाहत असत.